चंद्र कोणाचा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला विषय सांगितला तो असा : "आकाशाबद्दल काहीतरी बोला, पण पत्रिका मांडायला बसू नका." पत्रिका मला येतही नाही, तेव्हा ती भीती नको. आपल्यापैकी पुष्कळ जणींचा चंद्राशी महिन्यातून एकदा तरी पोटाचा संबंध येतो, म्हणून मी चंद्रापासूनच सुरुवात करते. संकष्टीच्या रात्री मोदक झाकून ठेवून आपण गॅलरीत उभ्या राहतो, तेव्हा ज्याची वाट पाहतो तो आहे तरी कोण? ग्रह, तारा, की आणखी काही? आणि तो आपल्याला सोडून का जात नाही?

आपल्याकडे ग्रहशांतीच्या पाटावर नऊ सुपाऱ्या मांडतात. रवि, चंद्र, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि, राहू आणि केतू. प्राचीनांचा हिशेब सरळ होता. आकाशातील असंख्य चांदण्या आपापल्या जागा धरून असतात. त्यांच्यामधून जे कोणी सरकताना दिसते तो ग्रह. त्या दृष्टीने सूर्यही ग्रह आणि चंद्रही ग्रह. ग्रीक लोकांनीही हेच केले. त्यांच्या शब्दाचा अर्थ 'भटक्या' असा आहे. आजच्या हिशेबाने मात्र या नऊ सुपाऱ्यांची वाटणी निराळी करावी लागते. रवि हा तारा. चंद्र हा उपग्रह. राहू आणि केतू हे गोळेच नव्हेत. चंद्राची वाट आणि सूर्याची वाट जिथे एकमेकींना छेदतात ते दोन बिंदू. ग्रहणे या बिंदूंपाशीच होतात, म्हणून त्यांना मान. उरले पाच. आणि गंमत अशी, की ज्या जमिनीवर पाट मांडला ती पृथ्वी स्वतः ग्रह असूनही तिची सुपारी नाही! तिला धरून सहा, १७८१ साली सापडलेला युरेनस आणि १८४६ सालचा नेपच्यून मिळून आठ.

आता तारा कोणाला म्हणायचे ते पाहू. तारा स्वतःच्या प्रकाशाने जळतो, हे शाळेत आपण सर्वजणी शिकलो आहोत. परंतु 'जळतो' हा शब्द जरा फसवा आहे. आपल्या चुलीसारखे किंवा गॅससारखे ते जळणे नव्हे. ताऱ्यात वस्तुमान इतके अफाट असते, की स्वतःच्याच वजनाने तो आतल्या बाजूला दाबला जातो. सूर्याच्या गाभ्यात या दाबाने सुमारे दीड कोटी अंश तापमान झाले आहे. त्या तापात हायड्रोजनचे अणू एकमेकांत घुसून त्यांचे हेलियम होते आणि त्यातून उष्णता व प्रकाश बाहेर पडतो. म्हणजे ताऱ्याची भट्टी पेटवणारे दुसरे कोणी नसून त्याचे स्वतःचे गुरुत्वाकर्षणच आहे. यासाठी सूर्याच्या सुमारे आठ टक्के तरी वस्तुमान लागते. आपला गुरु इतका थोरला, तरी त्याच्यासारखे जवळजवळ ऐंशी गुरु एकत्र केले तेव्हा कुठे एक लहानसा तारा पेटेल. शुक्राला आपण 'शुक्राची चांदणी' म्हणतो खरे, पण तिची चमक सूर्याची उसनी आहे.

ग्रह आणि उपग्रह यांच्यातला फरक मात्र असा भट्टीचा नाही. पुष्कळांना वाटते, मोठा तो ग्रह आणि लहान तो उपग्रह. तसे नाही. गुरूचा गॅनिमीड नावाचा उपग्रह ५,२६८ किलोमीटर व्यासाचा आहे आणि शनीचा टायटन ५,१५० किलोमीटरचा. उलट बुध हा अस्सल ग्रह, पण त्याचा व्यास ४,८७९ किलोमीटरच. मग ठरते कशावरून? नात्यावरून. नणंद ही काही अंगावरच्या खुणेने ओळखता येत नाही. तीच बाई एकीची नणंद, दुसरीची जाऊ, तिसरीची मावशी. जो सूर्याभोवती फिरतो तो ग्रह. जो ग्रहाभोवती फिरत फिरत त्याच्यासंगे सूर्याची प्रदक्षिणा करतो तो उपग्रह. गॅनिमीड उद्या गुरूपासून सुटून सूर्याभोवती एकटाच फिरू लागला, तर त्याला ग्रहांच्या पंगतीत बसवण्याचा विचार करावा लागेल. पंगतीचे नियम २००६ साली प्राग शहरी भरलेल्या आंतरराष्ट्रीय खगोल परिषदेत ठरले. ग्रहाने सूर्याभोवती फिरावे, आपल्या वजनाने गोल झालेले असावे आणि आपल्या वाटेवरची गर्दी आवरलेली असावी. हा तिसरा नियम प्लूटोला जमला नाही आणि १९३० साली मिळालेले त्याचे पान उचलले गेले.

गोल होणे हेही गुरुत्वाकर्षणाचेच काम. लाडू वळताना आपण चहूबाजूंनी सारखा दाब देतो, तसे ते स्वतःच्या मध्याकडे सर्व बाजूंनी ओढते. वस्तुमान पुरेसे असेल तर खडकसुद्धा हळूहळू वळला जातो. मंगळाचा फोबोस हा उपग्रह इतका लहान, की त्याचा लाडू वळलाच गेला नाही; तो बटाट्यासारखा वेडावाकडा राहिला आहे.

प्लूटोवरून एका मराठी माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. व्यंकटेश बापूजी केतकर हे शिक्षक, 'ज्योतिर्गणित' या ग्रंथाचे कर्ते. १९११ साली त्यांनी फ्रान्समधील खगोल संस्थेच्या पत्रिकेत लेख लिहून नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असल्याचे भाकीत केले आणि त्याचे अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे ३९ पट असेल असे मांडले. प्लूटो सापडला तो त्यानंतर एकोणीस वर्षांनी, आणि साधारण तितक्याच अंतरावर. त्याहून मागे जायचे तर बाराव्या शतकात आपल्याच भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणि'त पृथ्वीला ओढून घेण्याची शक्ती आहे असे म्हटले होते. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या कुळाची हकीकत आहे. त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, तोही त्या लेखात नोंदला आहे. मात्र ती शक्ती अंतराप्रमाणे किती कमी होते आणि चंद्रालाही तीच लागू आहे, हा हिशेब न्यूटनचा. श्रेय ज्याचे त्याला द्यावे.

तो हिशेब अवघड नाही. नारळ झाडावरून सुटला की पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येतो. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून नारळापेक्षा साठ पट लांब आहे. अंतर साठपट तर ओढ साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० पट कमी. ४.९ मीटरला ३,६०० ने भागा. सव्वा-दीड मिलिमीटर येतात. आणि चंद्र खरोखरच दर सेकंदाला तेवढा पृथ्वीकडे पडत असतो! मग तो आपल्या डोक्यावर का येत नाही? चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून मुलांनी आडवा चेंडू फेकला, तर तो दीड सेकंदात रस्त्यावर येतो. जोरात फेकला तर जास्त पुढे जाऊन पडतो. वाटेत हवा नाही असे धरून तो सेकंदाला आठ किलोमीटर वेगाने फेकता आला, तर तो जितका खाली येईल तितकीच गोल पृथ्वीही खाली वाकलेली असेल. तो पडतच राहील आणि जमीन काही त्याला सापडणार नाही. चंद्र फार लांब असल्यामुळे त्याला सेकंदाला एक किलोमीटर वेग पुरतो. त्याची प्रदक्षिणा म्हणजे न संपणारे पडणे.

मंगळागौरीत आपण फुगडी घालतो. दोघी सारख्या वजनाच्या असल्या तर दोघी सारख्या गरगरतात. पण एक सोळा वर्षांची आणि दुसरी माझ्यासारखी असली तर? मी जवळजवळ जागच्या जागी घुमते आणि ती मोठे रिंगण घेते. पृथ्वीचे वस्तुमान चंद्राच्या ८१ पट आहे. म्हणून त्यांच्या फुगडीचा मध्य पृथ्वीच्या पोटातच येतो, तिच्या पृष्ठभागाखाली सुमारे १,७०० किलोमीटरवर. तरी पृथ्वी अगदी स्थिर नसते, तीही थोडी डुलते. हे डुलणे लक्षात ठेवा, भरतीच्या वेळी लागणार आहे.

आता एक शंका. सूर्याची चंद्रावरची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या दुप्पट आहे. हे ऐकून पुष्कळजणी चपापतात. मग चंद्र सूर्याचाच का नाही? तर सूर्य चंद्राला ओढतो तसाच पृथ्वीलाही, जवळजवळ तितकाच, ओढतो. एकाच गाडीतून जाणाऱ्या दोघींना गाडीने कितीही जोरात पुढे नेले, तरी त्यांच्या हातातला हात सुटत नाही. सुटायचा तर एकीला दुसरीहून जास्त ओढ बसली पाहिजे. तसा फरक पडतो, पण चंद्राच्या अंतरावर तो फारच थोडा असतो. पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरपर्यंत तिचे राज्य चालते. चंद्र आहे ३,८४,००० किलोमीटरवर. तो पुरता तिच्या उंबरठ्याच्या आत आहे. बुध सूर्याच्या इतका जवळ, की त्याचे अंगणच लहान. त्याला एकही उपग्रह नाही. लांबच्या, थोरल्या शनीचे अंगण प्रशस्त. २०२५ सालापर्यंत त्याच्या २७४ उपग्रहांची नोंद झाली होती. इतकी बारशी कोणी केली असतील कोण जाणे!

अंतरांची कल्पना यावी म्हणून एक खेळ करू. एक मीटरला दहा लाख किलोमीटर असे माप धरा. गिरगाव चौपाटीवर सुमारे १ मीटर ३९ सेंटिमीटर व्यासाचा सूर्य ठेवला. त्यापासून १५० मीटरवर पृथ्वी ठेवायची, एका मोठ्या छोल्याएवढी. तिच्यापासून ३८ सेंटिमीटरवर, म्हणजे दीड वितीहून थोडे पुढे, साडेतीन मिलिमीटरचा चंद्र, साबुदाण्याचा दाणा. नारळाएवढा गुरु पाऊण किलोमीटरवर येईल. लिंबाएवढा नेपच्यून साडेचार किलोमीटरवर, वरळीच्या नेहरू तारांगणाच्या जरासा पलीकडे. म्हणजे सूर्याचे सारे बिऱ्हाड दक्षिण मुंबईत मावले. मग सर्वांत जवळचा तारा कुठे ठेवायचा? ठाण्यात? पुण्यात? या मापाने तो चाळीस हजार किलोमीटरवर येतो. चौपाटीवरून निघून अख्ख्या पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालावी, तेवढे अंतर! चांदण्या जागच्या हलत नाहीत असे वाटते ते या लांबीमुळे. आणि चंद्र त्यांच्यापुढे किती जवळ आहे, हे तो स्वतःच दाखवतो. रोहिणी ही त्याची सत्तावीस जणींतली लाडकी, अशी कथा आपण ऐकली आहे. २०१५ ते २०१८ या वर्षांत तो दर फेरीला पृथ्वीवर कुठून ना कुठून रोहिणीला झाकताना दिसत होता. रोहिणी कधी चंद्रापुढे आलेली मात्र कोणी पाहिली नाही. ती ६५ प्रकाशवर्षे लांब आहे.

संकष्टीचे गणितही यातूनच सुटते. कोणतीही चांदणी कालच्यापेक्षा आज चार मिनिटे लवकर उगवते. चंद्र मात्र सरासरी पन्नास मिनिटे उशिरा येतो, कारण पृथ्वी एकदा स्वतःभोवती फिरेपर्यंत तो आपल्या वाटेवर पुढे सरकलेला असतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास येतो, म्हणून चतुर्थीपर्यंत आपल्याला नऊ-साडेनऊपर्यंत ताटकळावे लागते. नागपूरची बहीण आपल्याआधी साधारण पंचवीस मिनिटे उपास सोडते, कारण ती सव्वासहा अंश पूर्वेला आहे. पंचांगातली वेळ ही मोकळ्या क्षितिजावरची असते, हेही ध्यानात ठेवा. लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी आता मनोरे उभे राहिले आहेत. त्यांच्यावरून डोके काढायला चंद्राला आणखी अर्धा तास लागला, तर पंचांगकर्त्याला बोल लावू नये.

आता भरती-ओहोटी. हा भाग मी मुद्दाम जास्त वेळ घेऊन सांगणार आहे, कारण तो आपल्या जिवाशी आणि जिन्याखालच्या सामानाशी निगडित आहे. चंद्र पृथ्वीला ओढतो. पण चंद्राकडच्या बाजूचे पाणी जवळ, म्हणून त्याला ओढ जास्त. पृथ्वीच्या मध्याला ती थोडी कमी. पलीकडच्या बाजूच्या पाण्याला सर्वांत कमी. त्यामुळे अलीकडचे पाणी पुढे जाते आणि पलीकडचे मागे रेंगाळते. दोन्हीकडे फुगवटा येतो, म्हणून दिवसातून दोन भरत्या. फुगडीत पदर बाहेरच्या बाजूला उडतो, तसे पलीकडच्या फुगवट्याचे समजा. सूर्यही हेच करतो. पृथ्वीवर त्याची ओढ चंद्राच्या सुमारे १८० पट आहे, पण अलीकडच्या-पलीकडच्या ओढीतला फरक लांबीमुळे थोडा. म्हणून चंद्राची भरती त्याच्या सव्वादोनपट ठरते. पौर्णिमा-अमावास्येला दोघांचे एकमत होते आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात ओढतात, तेव्हा भांगाची भरती, पाण्याला जोर नाही.

किनाऱ्यावरची माणसे यासाठी एक हिशेब करतात : तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण हिशेब मुंबईच्या किनाऱ्याला चांगला लागू आहे. अपोलो बंदरावर १८७८ पासून यंत्राने पाण्याची उंची नोंदली गेली आहे.

२०२५ सालचे लालबागच्या राजाचे विसर्जन आपल्यापैकी अनेकींनी पाहिले असेल, निदान दूरदर्शनवर तरी. अनंत चतुर्दशीची मिरवणूक ७ सप्टेंबरला, रविवारी सकाळी चौपाटीवर पोचली. तिथी पौर्णिमेची. दुपारी बाराच्या आधी चार मीटरांहून अधिक उंचीची भरती होती. मूर्ती तराफ्यावर चढवायची तर पाण्याची पातळी बेताची हवी, ती जमेना. शेवटी विसर्जन झाले ते रात्री नऊच्या सुमारास. लोक नाना तर्क करीत होते. परंतु अनंत चतुर्दशी ही पौर्णिमेच्या आदली तिथी, तेव्हा मिरवणूक दुसऱ्या दिवसावर गेली की उधाणाच्या भरतीशी गाठ ही असणारच. चौदाला पाऊणपट करून पाहा. त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहणही होते, अकरा वाजल्यानंतर सुमारे ८२ मिनिटे चंद्र पूर्णपणे पृथ्वीच्या सावलीत होता. हाही योगायोग नव्हे. चंद्र, पृथ्वी आणि सूर्य एका ओळीत आले म्हणूनच उधाण आणि म्हणूनच ग्रहण. एका ओळीचे ते दोन परिणाम.

दुसरे उदाहरण कटू आहे. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २१ तारखेला गुरुपौर्णिमा होऊन गेलेली, तेव्हा तो पाचवा दिवस. पाचाचे पाऊणपट पावणेचार. भरती दुपारी नेमकी त्याच सुमाराला आली. शहराचे पाणी नाल्यांवाटे समुद्रात जाते. पण समुद्रच नाल्याच्या तोंडाहून वर चढला, तर पाणी जाणार कुठे? ते उलटे घरात येते. हिंदमाता आणि परळचा सखल भाग दरवर्षी का तुंबतो, याचे अर्धे कारण ढगात असते आणि अर्धे चंद्रात. हाजी अली, वरळीचे लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर आणि ब्रिटानिया इथे पाणी उपसण्याची केंद्रे उभारली ती भरतीच्या वेळीही पाणी समुद्रात ढकलता यावे म्हणून.

तेव्हा तळमजल्यावर राहणाऱ्या भगिनींना माझी विनंती आहे, की आषाढ-श्रावणात पौर्णिमा आणि अमावास्येनंतरचे चार-पाच दिवस भरतीची वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. मोठा पाऊस आणि उधाण एकत्र येणार असेल त्या दिवशी धान्याचे डबे वर चढवावे, मुलांना शाळेतून आणायला लवकर निघावे. मुलांना चौपाटीवर नेताना तर हा हिशेब जरूर करावा. पाणी चढत असताना खडकांवर बसू देऊ नये.

व्याख्यानानंतर एक चिठ्ठी आली, तिचे उत्तर इथेच देते. 'दुसऱ्या ग्रहाचे चंद्र आपल्याला पाहता येतील का?' येतील. १६१० साली गॅलिलिओने साध्याशा दुर्बिणीतून गुरूजवळ चार ठिपके पाहिले. रोज त्यांच्या जागा बदलत, पण ते गुरूला सोडून जात नसत. सारे आकाश पृथ्वीभोवतीच फिरत नाही, हे त्यावरून कळले. आज घरातली पक्षी पाहण्याची दोन डोळ्यांची दुर्बीणही पुरते. मुंबईच्या दिव्यांत चांदण्या दिसत नाहीत, पण गुरु दिसतो; तो लुकलुकत नाही, स्थिर पांढरा उजेड देतो. दुर्बीण गच्चीच्या कठड्यावर टेकवावी, म्हणजे हात हलत नाही. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत दोन, तीन किंवा चार टिंबे दिसतील. ती वहीत काढून ठेवावीत आणि दुसऱ्या रात्री त्याच वेळी पुन्हा पाहावे. चारांपैकी एखादे दिसले नाही तर ते गुरूच्या मागे किंवा पुढे गेलेले असते. दुर्बीण ज्यांच्याकडे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. गच्चीची किल्ली मिळवण्याचे त्यांनी कबूल केले आहे.